हो म्हणणारा कोण?

११ ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे पैसे बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून निघत होते, आणि त्यातली काही कार्डं कोल्हापुरातही चालली. दोन दिवसांत ९४ कोटींहून जास्त गेले. त्या यादीत आपल्या गावाचं नाव वाचल्यापासून अशी भोकं आधीच शोधणाऱ्यांचं काम बघायचं मनात होतं. राजारामपुरीतल्या एका लहानशा कार्यालयात ते बघायला मिळालं.

तपासणारी मुलगी पंचविशीची. समोर पतसंस्थेच्या ॲपची चाचणीसाठीची प्रत, त्यात खोटी खाती. लेखी परवानगी आधी घेतलेली. हेच कुणी बेइमानीनं केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

एका खातेदाराच्या नावानं ती आत शिरली, उतारा मागितला, सर्व्हरकडे निघालेली मागणी वाटेत अडवली, खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा बदलला आणि पुढे सोडली. भलत्याच माणसाचा उतारा समोर आला.

"लॉगिन बघितलं ह्यानं. खातं कुणाचं, ते बघितलंच नाही बघा."

कॉसमॉसचं तिनंच समजावलं. कार्डाची मागणी स्विचमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारली जाते. हल्लेखोरांनी मध्ये आपलाच स्विच बसवला आणि मुख्य प्रणालीला न विचारता परस्पर होकार दिला. म्हणून खातेदारांच्या शिलकी शाबूत राहिल्या, पैसा बँकेचा गेला. "२८ देशांतल्या मशीननी 'हो' ऐकलं नि नोटा दिल्या. हो म्हणणारा कोण, हे कुणी विचारलं नाही."

प्रोग्रॅमरनं दुरुस्ती पाठवली: पडद्यावरून खाते क्रमांक झाकला होता. तिनं जुनीच मागणी पुन्हा सोडली. उतारा पुन्हा आला. "अरे, झाकलंयस फक्त," ती फोनवर म्हणाली, आवाज जराही न चढवता. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. भोक शोधणाऱ्याचं कौतुक होतं, बक्षिसंही मिळतात. पण ठेवीदाराचा पैसा वाचतो तो या चिवट फेरतपासणीमुळे, आणि तिला दाद देणारं कुणी नसतं.

पुढची दुरुस्ती खरी होती. प्रत्येक मागणीला सर्व्हर आता खात्याचा मालक तपासत होता. तरी तिनं ठेवपावती, वारसनोंद, कर्ज अशी एकेक पानं उघडली. कर्जाचा उतारा अजून कुणालाही मिळत होता.

"मग लोकांना ॲप कधी देऊ?" तिकडून विचारणा झाली.

"कर्जाचं पान नीट कर, मी परत बघते. मग तारीख ठरवू."