ओसरी, माजघर आणि मनोरा

मुंबई विद्यापीठाच्या कोटातील आवारात राजाबाई टॉवर हा २८० फूट उंचीचा मनोरा उभा आहे. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने दिलेल्या देणगीतून तो बांधला गेला, त्याच्या मातोश्रींचे नाव त्याला मिळाले, आणि १८७८ साली त्याचे काम पुरे झाले. त्या काळी वर चढून बंदर आणि शहर पाहणे ही मुंबईकरांची एक हौस होती. शनिवार, २५ एप्रिल १८९१ रोजी दोन तरुण पारशी स्त्रिया त्या मनोऱ्यावर गेल्या, आणि थोड्याच वेळाने दोघीही खाली पडून मरण पावल्या. त्यांतील एक बचुबाई. कुलुपांच्या कारखान्यामुळे पुढे देशभर ज्यांचे नाव झाले त्या अर्देशीर गोदरेज यांची ती नवपरिणीत पत्नी होती. दुसरी त्यांच्याच नात्यातील पिरोजबाई. त्या आपण होऊन पडल्या, की कुणाच्या अत्याचारापासून अब्रू वाचविण्यासाठी त्यांनी उडी घेतली, की त्यांना कुणी ढकलून दिले, यावर मुंबईत मोठा वाद माजला. चौकशी झाली, खटला झाला; पण गुन्हा कुणावरही सिद्ध झाला नाही. अर्देशीर यांनी पुन्हा विवाह केला नाही.

सव्वाशेहून अधिक वर्षांनी या घटनेवरून एक कादंबरी लिहिली गेली. मुंबईत वाढलेल्या आणि आता अमेरिकेत राहणाऱ्या पारशी लेखिका नेव्ह मार्च यांची ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’ ही इंग्रजी कादंबरी २०२० साली प्रसिद्ध झाली. हस्तलिखित असतानाच तिला अमेरिकेतील रहस्यकथालेखकांच्या संघाचे आणि मिनोटॉर प्रकाशनाचे पहिल्या कादंबरीसाठीचे पारितोषिक मिळाले होते. तिच्यामागून आणखी तीन पुस्तके आली: २०२२ साली ‘पेरिल ॲट द एक्सपोझिशन’, २०२३ साली ‘द स्पॅनिश डिप्लोमॅट्स सीक्रेट’ आणि २०२४ साली ‘द सिल्व्हरस्मिथ्स पझल’. चारही पुस्तकांत शोध घेणारे जोडपे एकच आहे: कॅप्टन जिम अग्निहोत्री आणि डायना फ्रामजी. इतिहास, प्रेम आणि रहस्य या तिन्ही गोष्टी एकाच पुस्तकात आल्या की जाणता वाचक जरा साशंक होतो. इतिहास निव्वळ पडद्यापुरता असेल आणि प्रेम निव्वळ गोडीपुरते, अशी भीती त्याला वाटते. ती भीती येथे कितपत खरी ठरते, हे पाहण्याजोगे आहे.

जिम हा लष्करातून जखमी होऊन पुण्याच्या इस्पितळात पडलेला अधिकारी. आई हिंदी, बाप कोण तो इंग्रज, हे त्याला ठाऊक नाही. मिशनच्या आश्रयाने तो पुण्यात वाढला. अंथरुणावर पडल्या पडल्या वर्तमानपत्रे आणि शेरलॉक होम्सच्या कथा एवढाच त्याला विरंगुळा. मनोऱ्यावरील मृत्यूंची हकीकत त्याच्या वाचनात येते, मृत स्त्रीच्या पतीचे पत्र त्याच्या मनाला लागते, आणि बरा होताच तो त्या कुटुंबाच्या वतीने शोध हाती घेतो. डायना ही त्या पतीची बहीण. ती विलायतेत शिकून आलेली आहे आणि गप्प बसून राहणे तिच्या स्वभावात नाही.

येथे एक प्रश्न सहजच उभा राहतो. शोध घ्यायला एक माणूस पुरत असताना दोन कशाला? अमेरिकन रहस्यकथाकार व्हॅन डाइन याने १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम छापले, त्यांत प्रेमप्रकरणाला साफ मज्जाव होता. बुद्धीच्या खेळात भावनेने लुडबूड करू नये, असे त्याचे मत. परंतु त्याच्या आधीच, १९२२ साली, अगाथा ख्रिस्तीने टॉमी आणि टपेन्स ही जोडी रंगभूमीवर आणावी तशी कथेत आणली होती, आणि १९३० साली डोरोथी सेयर्सने आपल्या लॉर्ड पीटरला हॅरिएट व्हेनच्या प्रेमात पाडले, तेही ती खुनाच्या आरोपाखाली पिंजऱ्यात उभी असताना. मराठी वाचकाला हे नवे वाटण्याचे कारण नाही. बाबूराव अर्नाळकरांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यांतील झुंजार आणि त्याची पत्नी विजया ही जोडी एका पिढीच्या तोंडी होती. वाचनालयाच्या फळीवरून ते पुस्तक खाली येताच त्यासाठी भांडणे व्हावीत, असा तो काळ होता.

तथापि झुंजार हा लेखकाच्या स्वतःच्या काळातला वीर. जोडप्याची खरी आवश्यकता पटते ती कथा मागच्या शतकात नेली म्हणजे, आणि याचे उत्तर आपल्याकडील जुन्या वाड्याच्या बांधणीतच सापडते. बीदर जिल्ह्यातील निर्णा, हुमनाबाद, चिटगुप्पा या भागात असे वाडे अनेकांनी पाहिलेले असतील. परका पुरुष आला तर त्याला ओसरीवर बसवावयाचे. तेथे त्याला पाणी मिळे, पान मिळे आणि घरच्या कर्त्या पुरुषाने सांगावयाची ठरविलेली हकीकत मिळे. माजघरात काय घडले हे त्याला कधीही कळत नसे. ते कळे शेजारणीला, सुईणीला, परसदाराने येणाऱ्या बाईला. एकाच घराच्या दोन साक्षी असत, आणि एका माणसाला दोन्ही ऐकता येणे अशक्य असे. १८९२ च्या मुंबईत जिमची अडचण नेमकी हीच आहे. गोदीत, छावणीत, पोलीस कचेरीत तो जाऊ शकतो. वेषांतर करून गल्लीबोळ धुंडाळू शकतो. पारशी स्त्रिया आपसांत काय बोलतात, हे त्याला समजण्याचा मार्ग डायनेवाचून नाही. म्हणून ती नायकाच्या हाती दिवा धरून उभी राहिलेली नायिका नव्हे. अर्धा तपास तिचा आहे. दुसऱ्या पुस्तकात तर कथा सांगण्याचे कामच लेखिकेने तिच्याकडे दिले आहे.

मुंबईच्या पार्श्वभूमीवरील आणखी एका इंग्रजी मालिकेने हीच अडचण निराळ्या रीतीने सोडविली आहे. सुजाता मॅसी यांच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ या २०१८ च्या कादंबरीत, १९२१ च्या मुंबईत, शोध घेणारी व्यक्ती स्वतःच स्त्री वकील आहे. पडद्यातील विधवांशी तिला समोरासमोर बोलता येते. त्या पात्रामागे नाशिकला जन्मलेल्या आणि १८९२ साली ऑक्सफर्डमध्ये कायद्याच्या परीक्षेला बसलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची छाया आहे. परीक्षा दिली, पण स्त्री म्हणून पदवी मात्र त्यांना तीस वर्षे मिळाली नाही.

आता प्रेमाकडे वळू. जिम आणि डायना यांचे मन जुळते, परंतु विवाह कसा व्हावा? १८६५ च्या पारशी विवाहाच्या कायद्याने वधू आणि वर दोघेही पारशी असावे लागत. १८७२ च्या नोंदणी विवाहाच्या कायद्यात आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी इत्यादी कोणत्याही धर्माचे नाही, असे दोघांना लिहून द्यावे लागे. धर्म न सोडता असा विवाह करण्याची सोय व्हायला १९५४ साल उजाडावे लागले. एक वाट मात्र मोकळी होती. १८७२ च्याच ख्रिस्ती विवाहाच्या कायद्याप्रमाणे दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी लग्न लागू शके. म्हणजे मिशनमध्ये वाढलेल्या जिमला कायद्याची भिंत अगदी अभेद्य नव्हती. खरी भिंत समाजाची होती. अग्यारीची पायरी बंद, नातलगांचे जाणेयेणे बंद, आणि मेल्यावर दख्मा बंद. ही भिंत किती पक्की होती, याचा दाखला पुढे १९०८ साली मिळाला. रतनजी दादाभाई टाटा यांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच स्त्रीशी विवाह केला होता आणि तिचा नवजोत विधीही झाला होता. तरी पारशी पंचायतीच्या विश्वस्तनिधीचा लाभ तिला घेता येणार नाही, असा निर्णय मुंबईच्या उच्च न्यायालयाने दिला. जे. आर. डी. टाटा हे याच दांपत्याचे चिरंजीव.

या मालिकेची खरी गाठ येथे आहे. मनोऱ्यावर काय घडले हे ज्यांना ठाऊक असेल ते बोलत नाहीत, कारण बोलल्याने घराण्याची अब्रू जाईल; आणि डायनेचे आईबाप तिच्या मनासारखे होऊ देत नाहीत, तेही अब्रू जाईल म्हणूनच. साक्षीदाराचे तोंड आणि प्रेमिकांची वाट एकाच कुलपाने बंद केलेली आहे. त्यामुळे प्रेमाची प्रकरणे उलटून केवळ खुनाच्या प्रकरणांकडे धावणारा वाचक रहस्याची अर्धी किल्ली मागेच टाकून जातो.

त्या वर्षीची मुंबई याच प्रश्नाने ढवळून निघालेली होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. रखमाबाईंच्या खटल्याची आठवण ताजी होती. बेहरामजी मलबारी या पारशी सुधारकाने उचलून धरलेला संमतिवयाचा कायदा मार्च १८९१ मध्ये मंजूर झाला आणि मुलींची मर्यादा दहा वर्षांवरून बारा झाली. टिळकांनी त्याला ‘केसरी’तून केलेला विरोध सर्वश्रुत आहे. स्त्रीच्या देहाविषयी कुणी बोलावे आणि किती बोलावे, यावर सभा गाजत होत्या. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी मनोऱ्यावरील घटना घडली. कादंबरीत या वादाला आणखी जागा मिळावयास हवी होती. तसे झाले असते तर मध्यंतरी कथा जी सैल पडते ती कदाचित पडली नसती. जिम उत्तरेकडे, लाहोरच्या बाजूला, गेला की अनाथ मुलांना सोबत घेऊन केलेला त्याचा प्रवास येतो. तो मनोवेधक आहे यात शंका नाही, परंतु तेवढ्या वेळात मूळ शोध झोपी गेल्यासारखा वाटतो. रहस्यकथेच्या हिशेबाने ही उणीवच म्हटली पाहिजे.

कथेत एक कल्पित संस्थानही येते, आणि जुन्या हैदराबाद संस्थानातील वाचकाला तो भाग इतरांपेक्षा लवकर उमजावा. इंग्रजी मुलुखातला कायदा संस्थानच्या नाक्यापर्यंत चाले. पुढे सत्ता वेगळी. १८९२ साली निर्ण्याच्या माणसाला मुंबईस जावयाचे तर बैलगाडीने गुलबर्गा गाठून आगगाडीत बसावे लागे, कारण रायचूरपर्यंतचा लोहमार्ग १८७१ सालीच पुरा झाला होता. हुमनाबादवरून जाणारा बीदर–कलबुर्गी लोहमार्ग मात्र २०१७ साली सुरू झाला. गुलबर्ग्याहून मुंबईकडे निघालेला तो प्रवासी निजामाच्या अमलातून निघून वाटेत दुसऱ्याच कायद्याखाली येई. गुन्हेगारांना या हद्दींचा उपयोग चांगला ठाऊक होता. निजामाच्या चाकरीत असलेला आणि पुढे सुरपूर संस्थानचा कारभार पाहणारा मेडोज टेलर याने ठगांवरची आपली कादंबरी १८३९ साली प्रसिद्ध केली, तिच्यात हे सारे आलेले आहे. याच टेलरच्या १८६३ च्या ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूरच्या ब्राह्मण विधवेची आणि अफझलखानाच्या मुलाची प्रेमकथा आहे. इतिहास, गुन्हा आणि न जुळणारे लग्न, ही सामग्री दख्खनच्या या पट्ट्यातून इंग्रजी कादंबरीत जाऊन दीडशे वर्षे उलटली आहेत.

वाचताना एक पथ्य मात्र पाळावे. कादंबरी संपता संपता मनोऱ्याच्या रहस्याचा उलगडा होतो. तो उलगडा लेखिकेचा आहे. न्यायालयाला तो सापडला नव्हता. तिने कुटुंबाची नावे बदलली, फ्रामजी नावाचे घर उभे केले, घडलेल्याला न घडलेले जोडले, आणि खऱ्या घटनेवरून आपणास कथा सुचली हेही उघडपणे सांगितले. यात प्रामाणिकपणा आहे. परंतु कथेतील उत्तर इतके चपखल बसते, की काही दिवसांनी तेच खरे घडले असे वाचकाच्या मनात पक्के होऊ लागते. कल्पित खलनायकाच्या माथी दोष गेला की वाचकाला समाधान लाभते. बचुबाई आणि पिरोजबाई यांच्या मृत्यूचा जाब मात्र तितकाच बाकी राहतो. १८९१ ची हकीकत आधी वाचून मग कादंबरी हाती घेतली तर हा घोटाळा पुष्कळसा टळतो.

पुस्तके क्रमाने वाचणे इष्ट. दुसऱ्यात नवे दांपत्य अमेरिकेत बॉस्टनला राहते आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनापर्यंत पोहोचते. स्वामी विवेकानंदांचे भाषण झालेली सर्वधर्मपरिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, हे मराठी वाचकास सांगावयास नको. तिसरे पुस्तक बोटीवर घडते. तेथे दारे मोजकी आणि संशयित मोजके, म्हणून रहस्य त्यात सर्वांत घट्ट विणलेले आहे. चौथ्यात डायनेच्या भावावरच खुनाचा आळ येतो आणि दोघे मुंबईस परततात. या वेळी तपास अधिक अवघड आहे. परजातीत लग्न केलेल्या डायनेला आता पूर्वीच्या ओळखीच्या पारशी घरांतून ओसरीवरच थांबविले जाते.