जनसंज्ञापनाची पदवी : वाटा आणि खर्च

जवळची वाट : जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात (स्थापना १९९०) वृत्तपत्रविद्येचे पदव्युत्तर शिक्षण मिळत असल्याने, भुसावळच्या विद्यार्थ्याने गावातच कोणत्याही शाखेची पदवी संपादून पुढे तिकडे वळणे हा अल्पव्ययी मार्ग होय.

नोकरी सांभाळून : ज्यांस अर्थार्जन सोडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (१९८९) आहे.

दूरची वाट : मुंबई विद्यापीठाचा बहुमाध्यम व जनसंज्ञापन हा त्रैवार्षिक पदवीक्रम बहुधा विनाअनुदानित तत्त्वावर चालत असल्याने त्याचे शुल्क कला शाखेच्या अनुदानित वर्गाहून अधिक असते; हिंदीवर प्रभुत्व असणाऱ्यांस भोपाळचे माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठही खुले असून त्याचा एक परिसर भुसावळ–इटारसी लोहमार्गावरील खांडव्यास आहे.

खर्चाचा ताळेबंद : शिक्षणशुल्क, परीक्षाशुल्क व अनामत यांच्या जोडीस वसतिगृह, खानावळ आणि संगणक या रकमा मांडल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही; परगावी राहणाऱ्याचा निर्वाहखर्च पुष्कळदा शुल्कासही मागे टाकतो.

सवलत : शासकीय शिष्यवृत्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’ या शासकीय संकेतस्थळावर भरावे लागतात; तहसील कचेरीतून मिळणारा उत्पन्नाचा दाखला प्रवेशापूर्वीच काढून ठेवावा, आणि निवडलेला अभ्यासक्रम शिष्यवृत्ती योजनेच्या यादीत आहे की नाही, याची खातरजमा केल्यावाचून शुल्क भरू नये.