मेलेली कोंबडी मांजराला टाकू नका

पोल्ट्री शेडवर एखादे मांजर असतेच. खाद्याच्या पोत्यांना उंदीर लागतात म्हणून आपणच ते ठेवतो. मर झालेली कोंबडी त्याच्यापुढे टाकायची सवयही जुनीच. बर्ड फ्लूच्या दृष्टीने यासारखी धोक्याची सवय दुसरी नाही.

एच५एन१ हा मुळात पक्ष्यांचा विषाणू, पण मार्जार कुळातील प्राण्यांना तो फार जोरात बाधतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नमुन्यांत हाच विषाणू निघाला. खायला दिलेल्या कोंबडीच्या मांसावर संशय घेतला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही तो सापडला.

२०२४ मध्येच अमेरिकेतील टेक्सास राज्यात दुधाळ गाईंना लागण झाली. तिथल्या एका गोठ्यावर आजारी गाईंचा कच्चा चीक आणि दूध प्यायलेल्या सुमारे २४ मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मेली. म्हणून मांजराला दूध घालायचेच असेल तर उकळून घाला.

बाधित मांजर आधी खाणे सोडते, ताप येतो, मलूल होते. मग नाका-डोळ्यांतून पाणी, धाप, तोल जाणे, गोल फिरणे, झटके, कधी आंधळेपणा. अशी लक्षणे रेबीजमध्येही दिसू शकतात, तेव्हा उघड्या हातांनी धरू नका. मांजरापासून माणसाला लागण क्वचितच होते. पण हेच मांजर शेडमधून थेट घरात, मुलांच्या अंथरुणात येते, हे विसरू नका.

शेडला बारीक जाळी लावा. मांजर खाद्याच्या खोलीपर्यंत ठीक, पक्ष्यांत नको. एरवीची तुरळक मर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, वर माती घट्ट दाबा. उथळ खड्डा कुत्री-मांजरे उकरतात. मात्र अचानक जास्त मर झाली, किंवा कोंबड्यांपाठोपाठ मांजरही आजारी पडले, तर काहीही पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. नमुना मिळाला नाही तर निदान होत नाही. पक्षी विकून टाकायची घाई तर मुळीच करू नका. रोग गाडीबरोबर पुढच्या गावात जातो.

डॉक्टर येईपर्यंत मांजर वेगळ्या खोलीत ठेवा. हातमोजे आणि मास्क एकाच माणसाला द्या, सगळी जबाबदारी त्याच्यावरच ठेवा. त्याला ताप, खोकला किंवा डोळे लाल होणे जाणवले, तर दवाखान्यात पक्ष्यांचा आणि मांजराचा संपर्क आवर्जून सांगायला लावा.