पाच ताऱ्यांची साक्ष

गेल्या पावसाळ्यात देऊळघाटला आमच्या घरी एक जाडजूड पार्सल आले. घरातली मोठी मुलगी बारावी सायन्सला. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, पुढे बुलढाण्याच्या कॉलेजात इंग्रजीतून शिक्षण. तिला वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा द्यायची आहे. मोठ्या शहरातल्या कोचिंगची फी आमच्या आवाक्याबाहेरची. म्हणून ठरवले, की निदान पुस्तके तरी चांगली घेऊ. रसायनशास्त्राचा एक प्रश्नसंच मोबाईलवर दिसला. पाचपैकी साडेचार तारे, हजाराच्या वर अभिप्राय, किंमत साडेसातशे रुपये. आम्ही फार विचार केला नाही. एवढी माणसे चांगले म्हणतात, ती सगळी काय खोटे बोलतील?

दोन महिन्यांनी मोहल्ल्यातली एक मुलगी सुट्टीत घरी आली. ती एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या मुलीने तिला मोठ्या कौतुकाने आपले पुस्तक दाखवले. तिने अनुक्रमणिका पाहिली, मागचे सराव पेपर चाळले आणि विचारले, "हे कधीचं पुस्तक आहे गं? सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर हे धडे तर नीटमधून गेले."

"पण बाजी, याला तर साडेचार स्टार आहेत!"

ती म्हणाली ते खरे होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुधारित अभ्यासक्रम जाहीर केला आणि २०२४ च्या परीक्षेपासून हे धडे वगळले गेले. पेपरचे स्वरूपही बदलले. मधली काही वर्षे २०० प्रश्न येत आणि त्यांतले १८० सोडवायचे असत. २०२५ पासून ही सवलत गेली. आता १८० प्रश्न, सगळे अनिवार्य आणि वेळ १८० मिनिटे. आमच्या पुस्तकातले सराव पेपर जुन्या पद्धतीचे होते.

मुलगी काही बोलली नाही. फजरच्या नमाजनंतरचे तीन आठवडे तिने त्या वगळलेल्या धड्यांचे प्रश्न सोडवण्यात घातले होते. सॉलिड स्टेट राज्य मंडळाच्या बारावीला आहे आणि म्हणून एमएचटी-सीईटीलाही आहे. त्यामुळे मेहनत अगदीच वाया गेली असे नाही. पण नीटसाठी राखून ठेवलेला तो वेळ परत मिळणार नव्हता.

आम्ही अभिप्राय पुन्हा उघडले

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही सगळे मोबाईल घेऊन बसलो आणि ज्या अभिप्रायांवर विसंबून पुस्तक घेतले ते पहिल्यांदा वाचले. आधी आम्ही फक्त तारे मोजले होते.

पहिली गोष्ट तारखांची. बहुतेक अभिप्राय २०२१ आणि २०२२ मधले होते. म्हणजे ते जुन्या आवृत्तीबद्दल होते आणि त्या वेळी बहुधा खरेही होते. खरेदीच्या साइटवर एकाच पुस्तकाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचे अभिप्राय अनेकदा एकाच ठिकाणी साठत जातात. पुस्तक बदलते, अभ्यासक्रम बदलतो, तारे मात्र तेच राहतात.

दुसरी गोष्ट मजकुराची. 'पार्सल वेळेवर आले', 'कागद छान आहे', 'पॅकिंग उत्तम' असेच शेकड्यांनी लिहिलेले. माणसे खोटे बोलत नव्हती. पण डिलिव्हरीवाला वेळेवर आला म्हणजे उत्तरसूची बरोबर आहे असे नाही. पुस्तक हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेला अभिप्राय पाकिटाबद्दल काही सांगू शकेल, पुस्तकाबद्दल नाही.

तिसरी गोष्ट फार खाली होती. एका वाचकाने दोन तारे देऊन लिहिले होते, की यातले अमुक धडे आता परीक्षेला नाहीत आणि दोन प्रकरणांच्या उत्तरसूचीत चुका आहेत. आम्ही खरेदी करण्याच्या पाच महिने आधीचा तो अभिप्राय होता. सावध करणारा माणूस तिथे हजर होता, आम्हीच त्याच्यापर्यंत पोहोचलो नाही.

आणि मग चौथी गोष्ट. यादीत वरच्या बाजूला, आमच्या पार्सलच्याच तारखेचा एक अभिप्राय होता: पाच तारे आणि 'सर्वात चांगले पुस्तक, सर्वांनी घ्यावे.' खाली नाव आमच्याच घरातले होते.

नववीतल्या धाकट्याने मान खाली घातली. पार्सलमध्ये एक कार्ड निघाले होते. पाच तारे देऊन स्क्रीनशॉट पाठवा, शंभर रुपये मिळवा. त्याने अब्बांच्या फोनवरून ते केले होते. पुस्तक तेव्हा उघडलेलेही नव्हते. "अब्बा, सगळेच करतात," तो एवढेच म्हणाला.

आम्ही ज्यांना दोष देत होतो, त्यांच्यात आम्हीही होतो. आमचे ते पाच तारे पाहून अशाच कुठल्या तरी गावातल्या मुलीने हेच पुस्तक घेतले असेल का, हा विचार त्या रात्री आमच्या मनातून गेला नाही.

जुना आजार, नवे रूप

ही युक्ती नवी नाही. प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) यांच्या काळातही बाजारात काही माणसे घेण्याचा इरादा नसताना वस्तूची बोली वाढवत, म्हणजे खरा गिऱ्हाईक फसावा. याला 'नज्श' म्हणतात. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत याची मनाई आली आहे. पैसे घेऊन लिहिलेला अभिप्राय ही त्याच जातीची गोष्ट आहे. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा दाखवून देणाऱ्या प्रेषितांची (सल्ल.) घटनाही आपल्याला माहीत आहे. वर कोरडे धान्य आणि आत ओले, हा व्यवहार त्यांनी फसवणूक ठरवला.

ऐकणाऱ्यावरही जबाबदारी आहे. पवित्र कुरआनच्या सूरह अल्-हुजुरातमध्ये बातमी आली की खातरजमा करण्याचा आदेश आहे, नाही तर अजाणतेपणी कुणाचे नुकसान होईल आणि नंतर पस्तावावे लागेल. आमचे नेमके तेच झाले.

पारख करण्याची रीत तर आपल्या विद्वानांनी फार पूर्वी घालून दिली आहे. हदीस स्वीकारताना मुहद्दिसीन सांगणाऱ्याची दोन अंगांनी तपासणी करत. तो सच्चा आहे का, आणि त्याची स्मरणशक्ती व नेमकेपणा भरवशाचा आहे का. माणूस नेक असला तरी विसराळू असेल, तर त्याची रिवायत कमजोर धरत. शिवाय साखळी तुटलेली नाही ना, प्रत्येकाने आपल्या आधीच्याकडून खरोखर ऐकले आहे ना, हेही पाहत. दीनच्या त्या थोर कामाची बरोबरी पुस्तकखरेदीशी करायची नाही. पण प्रश्न विचारण्याची सवय तिथून घेता येते.

तीन प्रश्न

पहिला: सांगणारा खरा आहे का? एकाच दिवशी किंवा एकाच आठवड्यात स्तुतीचा पाऊस पडला असेल, वाक्ये एकमेकांसारखी असतील, तर थांबावे. नावावर टिचकी मारून त्याने आणखी काय लिहिले ते पाहावे. मिक्सर, चप्पल आणि प्रश्नसंच, सगळ्यांना पाच तारे देणारा माणूस परीक्षार्थी असण्याची शक्यता कमी. 'खरेदीची खात्री झालेली' अशी खूण असली, तरी त्याने पुस्तक विकत घेतले एवढेच तिचा अर्थ, वाचले असा नव्हे. व्हिडिओत पुस्तकाची तारीफ करून खाली लिंक देणाऱ्याला त्या लिंकवरून झालेल्या विक्रीचे कमिशन मिळत असू शकते. तो खोटेच बोलतो असे नाही, पण त्याचा फायदा कशात आहे हे लक्षात ठेवावे.

दुसरा: त्याला या विषयातले कळते का? धड्याचे नाव, प्रश्नांची पातळी, स्पष्टीकरणे आहेत की नुसती उत्तरे, चूक कुठल्या प्रकरणात आहे, हे लिहिणारा माणूस पुस्तक घेऊन बसलेला असतो. असे अभिप्राय बहुधा दोन, तीन आणि चार ताऱ्यांच्या रांगेत सापडतात. आधी तिथे जावे. एका ताऱ्याचा अभिप्रायही तपासून घ्यावा. पाने गळालेली, छपाई पुसट अशी तक्रार असेल, तर तो दोष कदाचित नकली प्रतीचा असेल, लेखकाचा नाही. मात्र त्या विक्रेत्याकडून घेऊ नये.

तिसरा: तो याच पुस्तकाबद्दल आणि याच परीक्षेबद्दल बोलतो आहे का? अभिप्रायाची तारीख आणि पुस्तकाच्या आवृत्तीचे साल जुळवून पाहावे. नीट, एमएचटी-सीईटी आणि बोर्ड यांचे अभ्यासक्रम एक नाहीत. सीईटीला अकरावीचा सुमारे २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के भार असतो आणि चुकीला गुण कापत नाहीत. नीटला बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ वजा. एका परीक्षेला उत्तम असलेले पुस्तक दुसरीला अपुरे पडू शकते. पोलीस भरतीचेही तसेच. लेखी परीक्षेचे १०० गुण अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण यांत असतात. तीन वर्षांपूर्वीच्या चालू घडामोडी आज कुणाच्या कामाच्या?

सरासरीबद्दलही एक सांगायला हवे. बारा जणांनी दिलेले पावणेपाच तारे आणि तीन हजार जणांनी दिलेले सव्वाचार तारे यांत दुसरा आकडा अधिक वजनाचा. पण उर्दू किंवा मराठीतल्या पुस्तकांना मुळातच अभिप्राय थोडे असतात. एसआयओच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निर्देश दिले आणि २०१८ पासून नीट उर्दूतून देता येऊ लागली. मराठीतूनही ती देता येते. या भाषांतल्या पुस्तकाला नऊच अभिप्राय दिसले म्हणून ते वाईट ठरत नाही. तिथे शिक्षकांना विचारावे.

घेण्याआधी हातात घ्यावे

एमबीबीएसच्या त्या मुलीने आम्हाला साधी कसोटी सांगितली. आधी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून चालू वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्यायचा आणि पुस्तकाची अनुक्रमणिका त्याच्याशी ताडायची. मग कुठल्याही प्रकरणातले वीस प्रश्न निवडून त्यांची उत्तरे पाठ्यपुस्तकाशी पडताळायची. वीसमध्ये दोन-तीन चुका निघाल्या तर ते पुस्तक ठेवून द्यायचे. हे बुलढाण्याच्या दुकानात उभ्या उभ्या करता येते आणि साइटवर दिलेल्या नमुना पानांवरूनही काही प्रमाणात जमते.

शिवाय सर्वात भरवशाची पुस्तके फुकट आहेत. एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत मिळतात. नीटच्या जीवशास्त्राचा पाया तीच आहेत. बालभारतीचीही पुस्तके उतरवून घेता येतात. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळतात. आम्ही साडेसातशे रुपये खर्चायच्या आधी हे सगळे मोबाईलवर होते.

कायदा काय म्हणतो

२०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाचे अभिप्राय लिहिणे मना आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. ते सुरुवातीला ऐच्छिक ठेवले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्याआधीच यूपीएससीच्या अनेक कोचिंग संस्थांना लाखांचे दंड झाले होते. यशस्वी उमेदवारांचे फोटो छापले होते, पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी तिथे फक्त मुलाखतीचे मार्गदर्शन घेतले होते आणि ही गोष्ट जाहिरातीत लपवली होती. टॉपरचा फोटो असलेल्या पुस्तकालाही हाच प्रश्न विचारावा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

खरे लिहिणे ही चुगली नाही

धाकट्याने तो अभिप्राय काढून टाकला. त्याच्या बहिणीने नवा लिहिला: आवृत्ती कोणती, कुठले धडे आता परीक्षेला नाहीत, सराव पेपर जुन्या पद्धतीचे आहेत आणि कुठल्या प्रकरणांची स्पष्टीकरणे खरोखर चांगली आहेत. अम्मी लिहिताना जरा घुटमळल्या. कुणाच्या मालाला नावे ठेवणे ही गीबत तर नाही ना? आम्ही मशिदीच्या इमामसाहेबांना विचारले. त्यांनी हजरत फातिमा बिन्त कैस (रजि.) यांची हदीस सांगितली. लग्नाच्या दोन मागण्यांबद्दल त्यांनी प्रेषितांचा (सल्ल.) सल्ला विचारला, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) दोघांच्या उणिवा स्पष्ट सांगितल्या. सल्ला विचारणाऱ्यापासून दोष लपवणे हीच खयानत, मात्र जेवढे खरे आणि गरजेचे तेवढेच बोलावे, असे इमामसाहेब म्हणाले.

त्या शंभर रुपयांच्या वह्या आणून मोहल्ल्यातल्या एका गरजू मुलाला दिल्या. एक वही मात्र घरी ठेवली. आता मोहल्ल्यातली मुले आपण वापरलेल्या पुस्तकांबद्दल तिच्यात लिहितात: पुस्तकाचे नाव, आवृत्तीचे साल, कुठल्या परीक्षेसाठी, किती दिवस वापरले, चूक कुठे आढळली. आतापर्यंत चौदा पुस्तके झाली आहेत. तारे कुणीच देत नाही. लिहिणारा कोण हे सगळ्यांना माहीत असते आणि शंका आली तर चार घरे चालत जाऊन त्याला विचारता येते.

मुलगी सध्या एनसीईआरटी आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांवर भर देते आहे. फजरनंतर तिच्या खोलीत दिवा लागतो. निकाल अल्लाहच्या हाती आहे. तिच्या मेहनतीत आता आमच्या हलगर्जीपणाची भर पडू नये, एवढी काळजी आम्ही घेतो आहोत.