दमा : औषध दम लागल्यावर नव्हे, रोज

युसूफ वडगाव आणि आसपासच्या खेड्यांत सोयाबीनची मळणी सुरू झाली की दवाखान्यात दम्याचे रुग्ण वाढू लागतात. मळणीयंत्राची धूळ, बांधावरचे गाजर गवत आणि पहाटेचा गारवा ही तिन्ही एकदमच येतात.

दमा म्हणजे श्वासनलिकांची आतून असलेली सूज. धूळ, धूर, परागकण किंवा साधी सर्दी यांचे निमित्त होते, नलिका आवळतात, चिकट कफ साचतो आणि छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. औषधाने दम बसतो, पण सूज आत राहतेच. रुग्णाला वाटते, आजार गेला. तो औषध सोडतो आणि पंधरा दिवसांनी मध्यरात्री पुन्हा उठून बसतो.

म्हणून दम्याची औषधे दोन प्रकारची असतात. सालब्युटामॉल तात्पुरता आराम देते. बुडेसोनाइडसारखे औषध सूज कमी करते व ते रोज घ्यायचे असते. केवळ सालब्युटामॉलवर भिस्त ठेवू नये, असे दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे.

"डॉक्टर, पंप नको, सवय लागते," असे अनेकजण म्हणतात. सवय लागत नाही. पंपाच्या एका मात्रेत साधारण २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड असते आणि ते थेट फुप्फुसात जाते. स्टेरॉइडची १० मिलिग्रॅमची एक गोळी वजनाने त्याच्या ५० पट भरते आणि सर्व शरीरात पसरते. 'हमखास गुण' देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा हेच असते. त्याने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी फार दिवस चालू असेल तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. मृगाला हैदराबादला जाऊन माशाबरोबर औषध गिळणारेही आपल्याकडे आहेत. त्याने दमा बरा होतो, याला शास्त्रीय पुरावा नाही.

पंप घेण्याची रीत महत्त्वाची आहे. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबताच सावकाश आत ओढा आणि १० आकडे मोजेपर्यंत रोखून धरा. नंतर चूळ भरा. श्वासावाटे घ्यायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळू नका! ती यंत्रात घालूनच ओढायची असते. लहान मुलांना व वृद्धांना स्पेसर लावावा. विकत घेणे परवडत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीचाही नीट बनवलेला स्पेसर चालतो, हे दक्षिण आफ्रिकेतील १९९९ च्या अभ्यासात दिसून आले. तो डॉक्टरांकडून करून घ्यावा.

घरात झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. गोधड्यांना ऊन द्या. चुलीचा, बिडीचा आणि गोठ्यातील धुराटीचा धूर टाळा. मळणीच्या वेळी नाकातोंडाला पदर किंवा उपरणे घट्ट बांधा. अंगदुखीच्या काही गोळ्यांनी दमा उसळतो, म्हणून दुकानातून परस्पर गोळी घेऊ नका.

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांना विशेष सांगणे. उचल घेताना पट्टीच्या हिशेबात औषधही धरा. निदान दोन महिन्यांचे औषध आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. पंप कोपीत उन्हात ठेवू नका. पाचट पेटवतात तिथून दूर राहा.

वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले, मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर सकाळची वाट पाहू नका. रुग्णाला आडवे न करता बसवा. स्पेसरमधून सालब्युटामॉलचे चार फवारे एकेक करून द्या आणि लगेच १०८ ला फोन करा. २० मिनिटांत आराम नसेल तर तेवढेच फवारे पुन्हा द्या. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

दमा मुळापासून जाईलच असे नाही. पण रोज औषध घेणारा माणूस रात्री शांत झोपतो, शेतात राबतो, त्याचे मूल शाळेच्या मैदानावर धावते. एवढे मिळवणे आपल्या हातात आहे.