कात्रीपासून संगणकापर्यंत

चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक नटांविषयी बोलतो, गाण्यांविषयी बोलतो, क्वचित दिग्दर्शकाचे नाव घेतो. संकलकाचे नाव पडद्यावर केव्हा येऊन गेले हे त्याला कळतही नाही. मीही त्यातलाच होतो. पण गेल्या वर्षापासून फीची सोय म्हणून तालुक्याच्या गावी लग्नाच्या शूटिंगच्या एका दुकानात संध्याकाळी काम करतो. तिथे संकलन हा शब्द कोणी वापरीत नाही, ‘मिक्सिंग’ म्हणतात. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, तेव्हा या कामावर पुस्तकेही असतात हे सांगणारे घरी कोणी नव्हते. इंग्रजीच्या सरांनी वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाचे पुस्तक दिले. ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचले.

प्रथम फिल्मचा काळ पाहू. ३५ मि.मी. फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. म्हणजे मिनिटाला ९० फूट. अडीच तासांच्या चित्रपटाला १३,५०० फूट. हे झाले तयार चित्रपटाचे. चित्रित केलेली फिल्म याच्या कितीतरी पट. संकलक मूळ निगेटिव्हला हात लावीत नसे. तिच्यावरून काढलेली प्रत तो मूव्हिओला किंवा स्टीनबेक यंत्रावर पाही, कापी आणि पारदर्शक चिकटपट्टीने जोडी. उरलेले तुकडे तो टांगून ठेवी. त्यातल्या चार चौकटी उद्या लागणार नाहीत असे कोणी सांगावे? शेवटी त्या प्रतीबरहुकूम निगेटिव्ह कापली जाई. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेणू सलुजा यांनी ‘जाने भी दो यारों’ (१९८३) आणि ‘परिंदा’ (१९८९) याच पद्धतीच्या काळात संकलित केले. ‘परिंदा’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

माझे वडील शिंपीकाम करतात. कापड बेतताना ते कोणाशी बोलत नाहीत. फिल्म कापणाऱ्याची अवस्था त्यांना चटकन समजेल. मात्र फिल्मचा जोड पुन्हा सोडवता येतो, मधे नवा तुकडा घालता येतो. कापडाला ती सवलत नाही.

१९५६ साली व्हिडिओ टेप आली आणि ही सवलत बरीचशी गेली. टेपवरची चौकट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे पुढे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर एकेक शॉट क्रमाने उतरवून घेण्याची पद्धत रूढ झाली. दहाव्या मिनिटाला पाच सेकंदांचा शॉट घालायचे ठरले, की त्यापुढचे सगळे पुन्हा उतरवायचे. ते टाळण्यासाठी तयार प्रतीवरून दुसरी प्रत काढावी, तर चित्र आणखी धूसर होई. हेच रेषीय संकलन. नवे यंत्र जुन्यापेक्षा अडचणीचे असू शकते, याचे मला नवल वाटले.

संगणकाने ही अडचण सोडवली. चित्रण डिस्कवर साठवले की कोणत्याही चौकटीपाशी थेट जाता येते. आणि संकलक प्रत्यक्षात काहीच कापत नाही. अमुक चित्रणातील या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, नंतर तमुक, अशी एक यादी तेवढी तयार होते. ग्रंथालयातील पुस्तके जागची न हलवता कार्डांचा क्रम बदलावा, तसे. १९७१ च्या ‘सीएमएक्स ६००’ या यंत्रात धुलाई यंत्राएवढ्या डिस्कांवर जेमतेम अर्ध्या तासाचे कृष्णधवल चित्रण मावे. ‘अ‍ॅव्हिड’ १९८९ मध्ये आले. मर्च यांनी ‘द इंग्लिश पेशंट’चे (१९९६) काम फिल्मवर सुरू केले आणि मध्येच ते अ‍ॅव्हिडवर नेले. संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला संकलनाचे ऑस्कर मिळाले ते १९९७ साली त्यांच्यामुळे, प्रथमच.

तरीही त्यांच्या पुस्तकात एक खंत आहे. रिळाच्या शेवटचा शॉट हवा असेल, तर पूर्वी आधीचे सगळे डोळ्यांखालून जाई, आणि न मागितलेले काही हाती लागे. संगणक मागाल तेवढेच देतो.

हे आमच्या दुकानात रोज दिसते. एका लग्नाचे तीन कॅमेऱ्यांचे सात-आठ तासांचे चित्रण येते. मंगलाष्टके, सप्तपदी, आहेर, पाठवणी एवढेच नेमके उघडले, तर काम दोन-तीन तासांत आटोपते. मे महिन्यातल्या एका लग्नाचे चित्रण मी पहिल्यापासून पाहत बसलो. जेवणाच्या पंगतीच्या शॉटमध्ये, मागे, मांडवाच्या खांबाला धरून नवरीची आजी एकटीच उभी होती. पंगतीकडे नव्हे, नातीकडे पाहत. ते आठ सेकंद मी पाठवणीच्या आधी लावले. पेन ड्राइव्ह न्यायला आलेल्या नवरीच्या वडिलांनी तेवढेच तीनदा पाहिले, पैसे दिले आणि काही न बोलता गेले.

तेव्हापासून मालक मला आधी सगळे पाहू देतात. हंगामात एकाच तारखेला तीन लग्ने आली, की मात्र ते जमत नाही.