पेट्या वाढल्या, गाडी झुकली : कॅम्पर बांधणाऱ्या मिस्त्रींनी वजनाचा हिशेब आधी मांडावा

वेल्डिंग, पत्रेकाम आणि गाड्यांची बॉडी बांधणे यांवर आपल्या समाजातील किती तरी घरांची चूल पेटते. मालाचे टेम्पो, फिरती दुकाने, खाद्यपदार्थांच्या गाड्या अशी कामे हे कारागीर वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्यांत आता एका नव्या कामाची भर पडत आहे. सपाट हौद्याच्या पिकअपवर राहण्याची खोली, म्हणजेच कॅम्पर, बांधून घेणारे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. काम चांगले आहे, मजुरीही चांगली मिळू शकते. परंतु या कामात एक धोका दडलेला आहे आणि त्याकडे आम्ही कारागीर बांधवांचे लक्ष वेधू इच्छितो.

खोली बांधून झाली की गिऱ्हाईक म्हणते, "मिस्त्री, सामान ठेवायला जागा कमी पडते. मागे एक पेटी ठोकून द्या, टपावर एक कॅरिअर बसवा." मिस्त्री जागा पाहतो, माप घेतो आणि पेटी ठोकून देतो. वजन मात्र कोणी विचारीत नाही. पेटी रिकामी असताना काही जाणवत नाही. ती भरून गाडी घाटात शिरली की मग कळते.

आधी एकूण वजनाचा हिशेब पाहू. गाडीच्या आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन आणि भारासह एकूण वजन असे दोन आकडे असतात. या दोहोंतील फरक एवढीच आपली पुंजी. समजा, रिकामी गाडी १७०० किलोची आहे आणि भारासह मर्यादा ३००० किलो आहे. हाती राहिले १३०० किलो. आता खर्च मांडा. खोली व तिच्यातील फर्निचर ६५० किलो, १२० लिटर पाणी म्हणजे १२० किलो, बॅटरी ६०, गॅस व शेगडी ४०, फ्रीज ३०, अंथरूण, भांडी व कपडे १००, चालक व सोबती १५०, आणि हौद्याखालच्या दोन रिकाम्या लोखंडी पेट्या ९०. बेरीज १२४० किलो झाली. शिल्लक फक्त ६० किलो! अजून पेट्यांत एकही वस्तू ठेवलेली नाही.

पेटीचे स्वतःचे वजन किती असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दोन मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा एका चौरस मीटरला सुमारे १५.७ किलो भरतो. चार फूट लांब आणि दीड-पावणेदोन फूट रुंद व उंच अशा पेटीला जवळजवळ ३ चौरस मीटर पत्रा लागतो, म्हणजे पेटी ४५ किलोची झाली. हीच पेटी तेवढ्याच जाडीच्या अॅल्युमिनियमची केली तर १६ किलोत बसते. दोन पेट्यांमागे सुमारे ६० किलो वाचले. अॅल्युमिनियम महाग पडते आणि त्याचे वेल्डिंगही वेगळे असते हे खरे. पण गिऱ्हाइकाला हा हिशेब कागदावर दाखविला तर ते समजून घेते.

आता दुसरा प्रश्न, वजन कुठे ठेवावे? हा तर तराजूचाच नियम आहे. समजा, गाडीच्या पुढच्या व मागच्या एक्सलमध्ये ३ मीटर अंतर आहे. सामानासह १२० किलोची पेटी मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे, शेपटाला टांगली. मागच्या एक्सलवर १२० नव्हे, १६८ किलो भार वाढतो आणि पुढच्या एक्सलवरून ४८ किलो उचलला जातो. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटते, ओल्या रस्त्यावर गाडी वळत नाही आणि पुढच्या ब्रेकची पकड कमी होते. तीच पेटी मागच्या एक्सलच्या पाऊण मीटर पुढे, हौद्याखाली बसविली तर मागे ९० आणि पुढे ३० किलो भार येतो. पेटी तीच, सामान तेच. फक्त जागा बदलली.

म्हणून जड वस्तू दोन्ही एक्सलच्या मध्ये आणि शक्य तितक्या खाली ठेवाव्यात. पाण्याची टाकी व बॅटरी यांचा पहिला मान याच जागेला. मात्र सायलेन्सर, डिझेलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या यांपासून पेटी दूर असावी, आणि खड्ड्यात चाक वर उचलले तरी टायर पेटीला घासू नये. शेपटाकडे अंथरूण-कपड्यांसारखे हलके सामान चालेल. टपावर जड वस्तू नकोच. स्टेपनी आणि पाण्याचे कॅन वर चढविलेली उंच गाडी कसारा किंवा खंबाटकीच्या वळणावर बाहेरच्या बाजूला झुकते.

पाण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाणी वापरले की ते वापरलेल्या पाण्याच्या टाकीत जाते. चांगले पाणी पुढे आणि सांडपाणी मागे ठेवले तर प्रवासात वजन आपोआप मागे सरकत राहते. दोन्ही टाक्या जवळजवळ असाव्यात आणि मोठ्या टाकीत आडवे पडदे असावेत, म्हणजे अर्धी भरलेली टाकी ब्रेक लावताना हिंदकळणार नाही.

डाव्या-उजव्या बाजूंचाही विचार हवा. ओटा, फ्रीज आणि बॅटरी सगळे एकाच भिंतीला लावले की गाडी त्या बाजूला कलते आणि तिकडचे पाटे व टायर लवकर जातात. काही कारागीर यावर एक जादा पाटा टाकून देतात. गाडी सरळ दिसू लागते खरी, पण पाटा वाढला म्हणून एक्सल, टायर आणि ब्रेक यांची ताकद वाढत नाही. आरसीवरचा आकडाही तोच राहतो.

यावर उपाय सोपा आहे आणि तो प्रत्येक गावाजवळ असतो : वजनकाटा. काम हाती घेण्यापूर्वी गाडी काट्यावर न्यावी. एकदा पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाके, मग फक्त मागची चाके, अशी तीन वजने घ्यावीत. काम झाल्यावर पाणी, गॅस आणि माणसांसह पुन्हा तीच तीन वजने घ्यावीत. एक्सलची मर्यादा गाडीच्या कंपनीकडून मिळते आणि टायरवर भाराचा अंक छापलेला असतो. उदाहरणार्थ, १०० हा अंक म्हणजे एका टायरला ८०० किलो. अमेरिकेत तर कॅम्परसाठी दिल्या जाणाऱ्या गाडीबरोबर वजनाचा मध्य कोठून कोठपर्यंत असावा, हेही उत्पादकाने सांगावे असा नियम आहे. आपल्याकडे मिस्त्रीने हे स्वतः विचारून घ्यावे.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरील नोंदींशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. तेव्हा आरटीओची लेखी परवानगी आधी आणि वेल्डिंग मागाहून. मर्यादेपेक्षा जास्त वजनासाठी कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड ठेवला आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी हरकत घेईल ती वेगळीच.

आम्हास येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. पवित्र कुरआनच्या सूरह रहमानमध्ये मीजानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख आहे. मापात खोट नको हे आपण दुकानदाराला सांगतो. बॉडी बांधणाऱ्यालाही ते तितकेच लागू आहे. ज्या गाडीत एक कुटुंब झोपणार आणि घाट उतरणार, ती गाडी त्याच्या हातची अमानत आहे. गिऱ्हाईक हट्ट धरते म्हणून शेपटाला पेटी ठोकली, मजुरी खिशात घातली, एवढ्याने जबाबदारी संपत नाही.

कामाचा तपशील आणि काट्याच्या पावत्या कागदावर नोंदवून दोघांच्या सह्या घ्याव्यात. देणेघेणे लिहून ठेवण्याची शिकवण सूरह बकरामध्ये दिलेली आहेच. "या जागी पेटी बसणार नाही, त्या जागी बसवून देतो," असे कारण दाखवून सांगणाऱ्या मिस्त्रीचे एखादे काम जाईलही. परंतु ज्याच्या हातच्या गाड्या वर्षानुवर्षे सरळ चालतात, त्याच्याकडे गिऱ्हाईक पत्ता विचारीत येते. हलाल रोजीत बरकत देणारा अल्लाह आहे; हिशेब मांडण्याचे काम मात्र आपले आहे.